पाच शतांश मिलिमीटर

घरी २०२० च्या आधीची बाईक किंवा स्कूटर आहे का? मग हा सीन तुमच्या ओळखीचा असेल. डिसेंबरातली सकाळ, साडेसातचं लेक्चर आणि गाडी सुरू व्हायला तयार नाही. चोक ओढायचा, दोन किका मारायच्या, थोडी रेस द्यायची आणि गाडी तापली की चोक पुन्हा आत. तुमच्या धाकट्या भावंडाला यातलं काहीच करावं लागणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. चारचाकींनी तर त्याला वीसेक वर्षं आधीच निरोप दिला होता.

म्हणजे रोजच्या वापरात कार्बोरेटरची गाडी पाहिलेली आपली पिढी बहुधा शेवटची. गंमत अशी, की नेमक्या याच काळात पंपावरचं पेट्रोल बदललंय. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर पुन्हा सेट करायची गरज वाढलीय आणि ते सेट करणारे हात कमी होतायत. अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली झोपलेली आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर येणार की भंगारात जाणार, हे कधीकधी एका पितळी भोकावर ठरतं. त्या भोकाची ही गोष्ट. कळायला सोपं जावं म्हणून आपण एकच गाडी घेऊ. आपल्या सगळ्यांच्या ओळखीची : पद्मिनी.

कुर्ल्याची पोरगी

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० मालिका तयार होऊ लागली. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावानं धावू लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, जेमतेम ४० हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या बाजूला. नाव पद्मिनी झालं तरी लोक तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले.

मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी हे समीकरण कित्येक वर्षं टिकलं. शहरात टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. ताडदेव आरटीओमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. शेवटच्या वर्षांत या टॅक्सी बहुतेक करून सीएनजीवर धावत होत्या. तरी त्यांच्यामुळे सुटे भाग मिळत होते, गॅरेजं चालत होती आणि नवी पोरं उस्तादाच्या शेजारी बसून काम शिकत होती. आता उरल्यात त्या घरच्या, हौसेच्या पद्मिनी. त्यांच्या बॉनेटखाली एअर फिल्टरच्या डब्याला चिकटून मुठीएवढा एक भाग बसलेला असतो. तोच तो सोलेक्स कार्बोरेटर. सोलेक्स हे मूळचं फ्रेंच नाव. गॅरेजमध्ये मात्र सगळे त्याला ‘कार्बेटर’ म्हणतात.

ना वायर, ना चिप

इंजिनाकडे हवा ओढणारा पंप म्हणून बघा. पिस्टन खाली गेला की हवा आत ओढली जाते. ती हवा कार्बोरेटरच्या नळीतून जाते आणि या नळीला मध्येच कंबर आहे, म्हणजे ती तिथे अरुंद होते. कंबरेपाशी हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब कमी होतो. अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये बर्नूली नावाचे गृहस्थ भेटले होते ना, तेच हे. या कमी दाबाच्या जागी एक बारीक तोटी उघडते. तिचं दुसरं टोक पेट्रोलच्या छोट्या टाकीत असतं. टाकीत बाहेरच्या हवेचा दाब जास्त, कंबरेपाशी कमी. पेट्रोल आपोआप वर ढकललं जातं आणि हवेत फवाऱ्यासारखं मिसळतं.

ती छोटी टाकी म्हणजे फ्लोट चेंबर. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो तशीच इथली व्यवस्था. पेट्रोल ठरावीक पातळीवर आलं की फ्लोट वर येतो आणि सुईसारखा नीडल व्हॉल्व्ह येणारं पेट्रोल बंद करतो.

आता प्रश्न प्रमाणाचा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर १ लिटर पेट्रोलला साधारण ९,००० लिटर हवा. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण ‘रिच’, कमी पडलं तर ‘लीन’. हे प्रमाण राखायचं काम करतात ते जेट. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, मधोमध अगदी मोजून पाडलेलं भोक. गाडी उभ्या-उभ्या चालू असताना पेट्रोल देतो स्लो जेट, रस्त्यावर पळताना मेन जेट. वेग वाढत जाईल तसं मिश्रण रिच होऊ नये म्हणून हवा सोडणारा एअर जेट वेगळा. अचानक ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोलची एक पिचकारी मारणारा छोटा पंप वेगळा. थंड इंजिनाला जादा पेट्रोल द्यायला चोक.

सोलेक्सच्या जेटवर एक आकडा कोरलेला असतो. ११५ असेल तर भोकाचा व्यास १.१५ मिलिमीटर. १२० असेल तर १.२०. फरक किती? पाच शतांश मिलिमीटर. डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण याहून जास्तच असते. पण पेट्रोल वाहतं ते भोकाच्या क्षेत्रफळातून आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. १२० चा वर्ग भागिले ११५ चा वर्ग, कॅल्क्युलेटरवर करून बघा. उत्तर येतं १.०८९. म्हणजे केसाहून बारीक फरकानं पेट्रोल जवळपास ९ टक्के वाढलं! हा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे दोनदा लागणार आहे.

आधी बाकीचे संशयित तपासा

गाडी धक्के खातेय, स्लोवर बंद पडतेय, पिकअप नाही. लगेच ‘कार्बोरेटर खोला’ असं म्हणायचा मोह होतो. थांबा. कार्बोरेटरच्या नावावर आलेली बरीच दुखणी इग्निशनची निघतात. म्हणून आधी प्लग काढून बघा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची गॅप फिलर गेजनं तपासा. टायमिंग आणि टॅपेट बघा. एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, पेट्रोलचा पंप आणि रबरी पाइप बघा. हे सगळं नीट असेल तरच कार्बोरेटरची पाळी. ट्यूनिंग नेहमी सगळ्यात शेवटी असतं. ही शिस्त मोडली की दोन चुका एकमेकींना झाकतात आणि तिसरीच गोष्ट बिघडल्यासारखी वाटते.

प्लग पुष्कळ सांगतो. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण बरं आहे. कोरडी काळी काजळी असेल तर रिच. पांढरा फटक, भाजल्यासारखा असेल तर लीन. सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला तरी रिचचाच संशय. रेस देताना कार्बोरेटरच शिंकल्यासारखा ‘फट्’ आवाज करत असेल तर बहुधा लीन.

मिसळणाचा डबा घ्या

कार्बोरेटर खोलायचा ठरला, तर पहिला नियम जिवाचा. काम मोकळ्या जागेत करा, इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची वायर काढा, आसपास सिगारेट, उदबत्ती, देवाचा दिवा काही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबची ठिणगीही पकडते. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. गाडी पहिल्यांदाच खोलताय तर शेजारी जाणता मिस्त्री हवाच.

दुसरा नियम स्वस्त आहे. प्रत्येक पायरीवर मोबाइलवर फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठे, कुठला वॉशर कशाखाली, हे रात्री आठवत नाही. घरातला जुना मिसळणाचा डबा यासाठी झकास. एका वाटीत वरच्या झाकणाचे स्क्रू, एकीत जेट, एकीत पंपाचे भाग. पंपाच्या वाटेत छोट्या छर्‍याएवढ्या गोळ्या असतात, त्या व्हॉल्व्हचं काम करतात. पालथं केलं की टपकन पडतात आणि फरशीवरून थेट गटारात. खाली पांढरं कापड अंथरा.

प्रत्येक जेट काढला की त्यावरचा आकडा वहीत लिहा. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं पूर्ण आत फिरवून किती आटे गेला ते मोजा आणि तेही लिहा. जोरानं आवळू नका, त्याचं निमुळतं टोक एकदा दबलं की कायमचं गेलं.

तार नको!

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे राहतो डिंकासारखा चिकट थर. तोच जेट आणि बारीक वाटा बुजवतो. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, त्यामुळे ॲसिड वगैरेचे प्रयोग नकोत. आधी रबरी भाग, डायफ्राम आणि कागदी पॅकिंग बाजूला काढा. मग कार्बोरेटर क्लीनर, मऊ ब्रश आणि शेवटी कॉम्प्रेसरची हवा. हवा प्रत्येक वाटेतून दोन्ही बाजूंनी मारा आणि चष्मा लावूनच मारा. शहरांतल्या काही वर्कशॉपमध्ये अल्ट्रासॉनिक मशीन असतं. त्यात द्रवाच्या सूक्ष्म बुडबुड्यांनी आतला थर सुटतो. ते मिळालं तर उत्तमच.

जेट बुजलाय म्हणून बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो तो तारेकडे. सायकलच्या ब्रेकची तार, सेफ्टी पिन, गिटारची स्ट्रिंग, जे मिळेल ते. नको! पितळ मऊ असतं आणि पोलादी तार ते खरवडते. मघाचं गणित आठवा. पाच शतांश मिलिमीटर खरवडलं गेलं की ११५ चा जेट १२० चा झाला. पेट्रोल ९ टक्के वाढलं, जेटवर आकडा मात्र जुनाच. पुढचा मिस्त्री तो आकडा वाचून फसणार. जुन्या गाडीच्या बाबतीत हा मोठाच धोका. आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत कुणी तार घातली होती का, हे जेट बघून सहज कळत नाही. शंका असेल तर त्याच नंबरचा नवा जेट टाकून तुलना करायची.

झिजलेलं ओळखायचं कसं?

स्वच्छ केलं म्हणजे दुरुस्त झालं असं नाही. किट आणलं की पॅकिंग, डायफ्राम, नीडल व्हॉल्व्ह आणि वॉशर नवे मिळतात. पण किटमध्ये न येणारी झीजच जास्त छळते.

पहिली झीज थ्रॉटलच्या दांडीची. ॲक्सिलरेटर दाबताना ही दांडी बॉडीतल्या भोकात फिरते. लाखो वेळा फिरून भोक मोठं होतं आणि कडेनं चोरटी हवा आत शिरते. मग स्लो कधी एकसारखा लागतच नाही. आज सेट केलेला उद्या बिघडतो. दांडी बोटांत धरून वर-खाली हलवून बघा. ती खडखडत असेल तर स्क्रू फिरवण्यात वेळ घालवू नका. लेथवर भोक मोठं करून त्यात नवं बुश बसवावं लागतं. हे काम टर्नरचं आहे आणि तेही सरळ, अचूक हाताचं.

दुसरी झीज पृष्ठभागाची. कुणीतरी नट अंगातला सगळा जोर लावून आवळलेले असतात आणि कार्बोरेटरचा तळ वाकतो. तळ सपाट काचेवर ठेवा आणि प्रकाशाकडे धरून फट दिसते का बघा. दिसली तर काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून तळ त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हळूहळू फिरवायचा. एका बाजूलाच जोर देऊ नका.

तिसरी गोष्ट फ्लोट. तो कानाशी धरून हलवा. आत डुबुक-डुबुक वाजलं तर भोक पडून पेट्रोल शिरलंय. असा फ्लोट जड होतो, वर येत नाही आणि पेट्रोल उतू जातं. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात त्यावरून भोक सापडतं. मात्र डाग देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण उडालंय याची खात्री झालीच पाहिजे. नाहीतर तो छोटा बॉम्बच असतो. नवा फ्लोट मिळत असेल तर सरळ नवाच घ्या.

जोडणी करताना फ्लोटची पातळी तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. पातळी वर असेल तर गाडी सतत रिच, खाली असेल तर चढावर दम तोडणार. सोलेक्समध्ये नीडल व्हॉल्व्हच्या बैठकीखालच्या वॉशरच्या जाडीनं ही पातळी बदलते. वॉशर जाड झाला की व्हॉल्व्ह लवकर बंद होतो आणि पातळी उतरते. म्हणजे पाच पैशाचा वाटणारा वॉशर हरवला, की अख्खं गणित गेलं.

शेवटी पंपाची परीक्षा. इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात वरून बघा आणि थ्रॉटल हातानं उघडा. पिचकारी त्याच क्षणी, सरळ आणि जोरात यायला हवी. उशिरा किंवा गळल्यासारखी आली तर सिग्नल सुटल्यावर गाडी एक क्षण अडखळणारच.

दीड आटा आणि कान

आता ट्यूनिंग. हे खरं तर पाच मिनिटांचं काम, पण त्याआधीचं सगळं नीट झालेलं असेल तरच. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. चोक पूर्ण आत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास आणि तो जीव घेतो.

दोन स्क्रू ओळखा. एक थ्रॉटलला टेकणारा, स्लोचा वेग कमी-जास्त करणारा. दुसरा मिक्श्चरचा. मिक्श्चर स्क्रू हलकेच पूर्ण आत घ्या आणि दीड आटा बाहेर सोडा. ही सुरुवात. गाडी चालू करून वेगाच्या स्क्रूनं स्लो शांत ठेवा. मग मिक्श्चर स्क्रू पाव-पाव आटा आत फिरवा. आत म्हणजे लीन. प्रत्येक वेळी थांबा, इंजिनाला बदल पचवायला काही सेकंद द्या. एका जागी इंजिन अडखळायला लागेल. आता पुन्हा बाहेर. आवाज गोल होईल, वेग थोडा वाढेल आणि आणखी बाहेर गेलात की इंजिन जड, घोगरं होईल. या दोन टोकांच्या मधली, जिथे इंजिन सगळ्यात जलद आणि सगळ्यात एकसारखं चालतं, ती आपली जागा. तिथून अगदी किंचित लीनकडे. वेग वाढला असेल तर पहिल्या स्क्रूनं खाली आणा आणि सगळं पुन्हा एकदा.

स्क्रू कितीही फिरवला तरी फरकच पडत नसेल तर तीही बातमीच आहे. स्लो जेट बुजलेला असेल किंवा कुठूनतरी चोरटी हवा येत असेल. स्प्रे बाटलीतून साध्या पाण्याचा हलका फवारा कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या सांध्यावर मारा, डिस्ट्रिब्युटर सांभाळून. आवाज बदलला तर चोर तिथेच आहे.

एका वेळी एकच बदल, हा यातला सोन्याचा नियम. एकदम जेट, टायमिंग आणि मिक्श्चर बदललंत तर गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली हे कळणार नाही.

कानावर भरवसा नसेल तर पीयूसी सेंटरचं मशीन आहेच. पद्मिनीच्या काळातल्या पेट्रोल चारचाकींसाठी स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आपण ती पावती पास-नापासच्या निकालासारखी बघतो. पण त्यावरचा आकडा वाचला तर मिश्रण कुठे आहे ते समजतं. ट्यूनिंगच्या आधी आणि नंतर असे दोन आकडे वहीत आले, की तुमच्या कानाला पुरावा मिळाला.

पेट्रोल बदललं, जेट तोच

आता तो आकडा दुसऱ्यांदा. २०२५ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं. यालाच ई-२० म्हणतात. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. १ भाग इथेनॉलला सुमारे ९ भाग हवा. शुद्ध पेट्रोलचा १४.७ हा आकडा ई-२० साठी साडेतेराच्या आसपास येतो. उलटं वाचा. तेवढ्याच हवेला आता ८ ते ९ टक्के जास्त इंधन हवं.

आजच्या गाडीला याचं काही वाटत नाही. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. मिश्रण लीन झालं की कॉम्प्युटर इंधन वाढवतो. कार्बोरेटरला नाक नाही. १९८५ साली जे भोक पाडलं तेवढंच पेट्रोल तो आजही देणार. मिश्रण लीन होणार. सकाळी सुरू व्हायला त्रास, रेस देताना अडखळणं, इंजिन जास्त तापणं, ही लक्षणं दिसू शकतात. यावर उपाय तोच, पाच शतांश मिलिमीटर! ११५ च्या जागी १२० चा जेट टाकला की वाढलेले ९ टक्के भरून निघतात. तारेनं चुकून जे करायचं नव्हतं तेच इथे मोजून, नव्या जेटनं, वहीत नोंद करून करायचं. मात्र डोळे झाकून नाही. गाडीची जुनी सेटिंग मुळातच थोडी रिच असेल तर जेट बदलावा लागणारही नाही. आधी प्लग बघा, मग ठरवा आणि एका वेळी एकच पायरी चढा.

जेटपेक्षा रबराची काळजी मोठी. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, नीडलचं रबरी टोक हे इथेनॉलच्या आधीच्या जमान्यातले. ते फुगतात, चिरतात आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको. पाइप बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घ्या. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसू शकतात. तेच कार्बोरेटरमध्ये आलं की जस्तावर पांढरी भुकटी धरते. गाडी दीर्घकाळ उभी करणार असाल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा.

मग हे करायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे. कार्बोरेटरची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त प्रदूषण करते. कितीही सुंदर ट्यून केली तरी करतेच. रोज ऑफिसला पद्मिनी न्या असं कुणी शहाणा माणूस सांगणार नाही. पण महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी गाडी नीट ट्यून केलेली आहे की काळा धूर ओकणारी, याचा फरक तिच्या मागून स्कूटरवर येणाऱ्या तुमच्या फुप्फुसांना पडतो.

कायद्यानंही जुन्या गाड्यांसाठी एक दार ठेवलंय. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई आहे. पद्मिनी हे नाव लावलेल्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतायत. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या मात्र मधेच लटकलेल्या. वारशाला लहान, रस्त्याला म्हाताऱ्या. त्यांना फिटनेस आणि पीयूसीच्या परीक्षा देतच दिवस काढायचेत. यातल्या किती पन्नाशी गाठतील हे मालकाच्या हौसेवर जेवढं आहे, तेवढंच त्यांना समजून घेणाऱ्या हातांवर आहे.

ते हात आपल्याकडे अजून आहेत. गल्लीच्या टोकाला, झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये. आवाजावरून ‘हवा घेतोय’ किंवा ‘पेट्रोल जास्त जातंय’ सांगणारी ही माणसं. त्यांनी हे कुठल्या मॅन्युअलमधून शिकलेलं नसतं, त्यामुळे लिहूनही ठेवलेलं नसतं. आपण इंजिनीअरिंगच्या पेपरात व्हेंचुरीची आकृती काढून सात मार्क घेतो आणि ती व्हेंचुरी हातात कशी लागते हे त्यांना ठाऊक असतं. दोघांनी एकत्र बसायची वेळ हीच आहे.

त्यासाठी पद्मिनीच हवी असं नाही. तुमची २०१५ ची स्प्लेंडर किंवा दादाची जुनी बुलेट सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा गाडी देऊन निघून येऊ नका. तासभर थांबा. कार्बोरेटर उघडलेला असताना मिस्त्रीकाकांना मेन जेट दाखवायला सांगा. त्यांच्याकडे दोन जेट असतील तर ते उजेडाकडे धरून भोकांची तुलना करा. ते स्क्रू फिरवत असताना डोळे मिटून आवाज ऐका आणि नेमका कुठे ‘गोल’ झाला ते ओळखायचा प्रयत्न करा. पहिल्यांदा कळणार नाही, तिसऱ्यांदा कळेल.

आणि घरी येताना तीन गोष्टी एका छोट्या वहीत लिहा : जेटवरचा आकडा, मिक्श्चर स्क्रूचे आटे, आजची तारीख. वही गाडीतच ठेवा. दहा वर्षांनी ती गाडी कुणी उघडली, तर त्याला पहिली मदत त्या तीन ओळींचीच होणार आहे.